सीईएआय प्रश्नावली: सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कितपत कामाची?

‘आमची माणसं नवं काही सुचवतच नाहीत’ ही तक्रार नाशिककडच्या सातपूर, अंबड, सिन्नर, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत ऐकू येते. अडचण माणसांत आहे की कंपनीच्या कारभारात, हे तपासायचं असेल तर ‘कॉर्पोरेट आंत्रप्रेन्युअरशिप असेसमेंट इन्स्ट्रुमेंट’ म्हणजेच सीईएआय ही प्रश्नावली जरूर वापरावी. हॉर्न्सबी, कुराट्को आणि झाहरा यांच्या २००२ च्या शोधनिबंधामुळे ती प्रसिद्ध झाली. नव्या कल्पनांसाठी कंपनीतलं वातावरण मधल्या फळीतल्या व्यवस्थापकांना कसं जाणवतं, हे मोजण्यासाठी ती बनवलेली आहे. त्यामुळे खातेप्रमुख, शिफ्ट इन्चार्ज, टूलरूम आणि क्वालिटीचे इंजिनिअर यांनाच द्या. लाइनवरच्या ऑपरेटरला निर्णयस्वातंत्र्याबद्दलचे बरेच प्रश्न लागूच पडत नाहीत.

एकूण ४८ विधानं, प्रत्येकाला १ (अजिबात पटत नाही) ते ५ (पूर्ण पटतं) गुण. वरिष्ठांच्या पाठिंब्यावर १९, कामातल्या मोकळीकीवर १०, बक्षीस आणि कौतुकावर ६, वेळेवर ६, नियमांच्या चौकटीवर ७. निकाल पाहताना या पाचही भागांची सरासरी वेगवेगळी काढा. सगळ्याची मिळून एकच सरासरी काढली की प्रश्नावली वाया गेली म्हणून समजा. बक्षिसाला ४ आणि वेळेला २ असेल तर दोन्ही मिळून ३ दिसतात, आणि मीटिंगमध्ये ‘ठीकठाक आहे’ म्हणून विषय मिटतो. प्रत्यक्षात दुखणं कुठे आहे ते त्या २ मध्येच असतं.

गुण मोजताना हमखास होणारी चूक उलट्या विधानांची. ‘कामाच्या ओझ्यामुळे नव्या कल्पनेवर वेळ देता आला नाही’ याला कुणी ५ दिले, तर ते वातावरणाला मिळालेले चांगले गुण नव्हेत. अशा विधानांचे गुण ६ मधून वजा करून घ्यावे लागतात. एक्सेलमध्ये हे आधीच बसवून ठेवा, नाहीतर सगळ्यात जास्त दमलेलं खातं सगळ्यात उत्साही दिसतं.

सगळ्यात कामाचा भाग वेळेचा. सुचलेलं करून बघायला काय लागतं ते पाहा: फिक्स्चरमध्ये (जॉब धरून ठेवणाऱ्या साच्यात) जॉब आवळायची नवी पद्धत तपासायची तर व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशिन) तासभर मोकळं हवं, बाद झालेले चार-पाच जॉब हवेत, टूलरूमचा एक माणूस हवा आणि स्टोअरमधून बोल्ट-बुश काढायला रिक्विझिशनवर (मागणीच्या चिठ्ठीवर) सही हवी. प्लॅनिंगचा तक्ता तिन्ही शिफ्टला भरलेला असेल तर हे कधीच जुळत नाही, मग भिंतीवर सूचनापेटी कितीही मोठी लावा. थ्रीएम कंपनीत १९४८ पासून तांत्रिक माणसांना १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांसाठी वापरायची मुभा आहे. आपल्या ४८ तासांच्या आठवड्यात तो ७ तास १२ मिनिटं होतो. गाड्यांच्या कंपन्यांना रोज माल पोचवणाऱ्या कारखान्याला इतकं परवडणार नाही, हे मान्य. पण आठवड्यातून एका मशिनवरचे दोन तास प्लॅनिंगमध्येच ‘ट्रायल’ म्हणून लिहून ठेवता येतात, आणि तेवढ्यानेही चित्र बदलतं.

पाठिंब्याच्या १९ विधानांत पैशाचं विधान नीट वाचा. नव्या कल्पनेला सुरुवातीचे पैसे मिळतात का, यावर गुण कमी आले तर उपाय सोपा आहे: खातेप्रमुखाला वरची सही न घेता खर्च करता येईल अशी रक्कम ठरवून द्या. पाच-दहा हजारांची मर्यादासुद्धा पुष्कळ झाली. बक्षीस वाढवण्याआधी हे करा. अनेक ठिकाणी नेमकं उलट होतं, आधी ट्रॉफी येते आणि ट्रायलचं मटेरियल पर्चेसमध्ये अडकून पडतं.

नियमांच्या चौकटीचा भाग मात्र वाहनउद्योगाच्या पुरवठादारांना जसाच्या तसा लावू नये. ठरलेल्या पद्धतीनेच काम करावं लागतं असं उत्तर आलं की गुण घसरतात. पण आयएटीएफ १६९४९ (वाहनउद्योगाचं गुणवत्ता-मानक) आणि पीपीएपी (उत्पादनाआधी पार्टला ग्राहकाची मंजुरी घ्यायची पद्धत) सांभाळणाऱ्या कारखान्यात ग्राहकाच्या मंजुरीशिवाय प्रक्रिया बदलायची नसते, आणि ते योग्यच आहे. ब्रेकच्या पार्टवर कुणी परस्पर प्रयोग करू नये. म्हणून या भागासोबत स्वतःचा एक प्रश्न जोडा: ग्राहकाला न विचारता काय काय बदलता येतं, हे तुम्हाला लेखी माहीत आहे का? जिग, ट्रॉली, मशिनभोवतीची मांडणी, पॅकिंगआधीची हाताळणी, यांत बराच वाव असतो. पण यादीच नसल्यामुळे लोक सगळीकडेच हात आखडतात. यादी करताना क्वालिटीचा माणूस सोबत हवाच, कारण काही ग्राहकांना पॅकिंग आणि मांडणीतला बदलही कळवावा लागतो.

उत्तरं खरी यायची असतील तर नाव, टोकन नंबर, हुद्दा काहीही विचारू नका. फक्त खातं विचारा, आणि खात्यात पाचपेक्षा कमी माणसं असतील तर दोन खाती एकत्र करा. चुका झाल्यावर कडक बोलणी बसतात का, असं एक विधान यात आहे. प्लँट हेड खोलीत असताना त्याचं खरं उत्तर कोण देईल? शिफ्ट सुटताना गेटवर वाटलेले फॉर्मही निरुपयोगी, घाईत सगळीकडे ३ वर खूण होते. वीस-पंचवीस मिनिटं कामाच्या वेळेतच द्या आणि विधानं साध्या मराठीत करून द्या.

वीस-तीस व्यवस्थापक-इंजिनिअर असलेल्या कंपनीला आमची पूर्ण शिफारस. सात-आठ माणसांच्या वर्कशॉपला याची गरज नाही, तिथे मालकाने चहाच्या वेळी विचारलं तरी कळतं. निकाल पंधरा दिवसांत सगळ्यांसमोर लावायची आणि सर्वांत कमी गुणांच्या एका भागावर काम सुरू करायची तयारी असेल तरच फॉर्म वाटा. सहा महिन्यांनी त्याच खात्यांकडून पुन्हा भरून घ्या. पहिल्या वेळेनंतर काहीच हललं नसेल, तर दुसऱ्या वेळचे आकडे विश्वासाचे नसतात.