ओरॅकल पार्क: एक अख्खा हंगाम बघितल्यावर

एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत सॅन फ्रान्सिस्कोच्या या बेसबॉल स्टेडियमवर जमेल तसं जात राहिलो. पहिला सल्ला हाच, की खालच्या महागड्या खुर्च्यांच्या फंदात पडू नका. होम प्लेटच्या (बॅटर उभा राहतो त्या जागेच्या) मागे, पार वरच्या मजल्याचं तिकीट काढा. बेसबॉलमध्ये बराच वेळ काही घडत नाही (कसोटी बघत वाढलेल्यांना त्याचं काय म्हणा!), आणि तेवढ्यात समोरची खाडी नि होड्या बघून होतात.

खरी गंमत उजव्या बाजूला. तिथला फाउल पोल (हद्द दाखवणारा खांब) होम प्लेटपासून जेमतेम 309 फुटांवर, म्हणून भिंत 24 फूट उंच. इथल्या जायंट्स संघाचे दिग्गज खेळाडू विली मेज यांच्या जर्सीचा आकडाही 24. भिंतीपलीकडे लगेच पाणी, मॅकोव्ही कोव्ह. जायंट्सच्या बॅटरचा होमरन (आपल्या षटकारासारखा फटका) थेट पाण्यात पडला की भिंतीवरच्या फलकावरचा आकडा एकाने वाढतो. पाहुण्यांचा पडला तर तो मोजतच नाहीत! चेंडू पटकवायला कयाकवाले खाली टपून असतात.

थंडी मात्र हलक्यात घेऊ नका. जुलैत दक्षिणेकडच्या सनीवेल शहरातून घामाघूम होऊन निघालात, तरी इथे ऊन कललं की बोचरा वारा सुटतो. जाकीट, कानटोपी घरूनच न्या.

बाहेरचं खाणं आत नेऊ देतात, त्यामुळे आमचे पोळीचे रोल असतातच. तरी गार्लिक फ्राइजचा वास आला की पाय तिकडे वळतातच. वर चिरलेला लसूण इतका, की दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंग असेल तर विचार करून खा. सामना संपत आला की सीगल घिरट्या घालू लागतात. प्लेट मांडीवर ठेवून टाळ्या वाजवायला उठू नका.

मुलांसाठी लेफ्ट फील्डमागे कोका-कोलाच्या अवाढव्य बाटलीतली घसरगुंडी आहे, शेजारी तेवढाच प्रचंड ग्लोव्ह. रांग लागते, सामना सुरू व्हायच्या आधीच उरकून घ्या.

गाडी नेऊ नका. कॅलट्रेन या लोकल रेल्वेचं स्टेशन चालत दहा मिनिटांवर आहे. परतताना झुंबड उडते, म्हणून शेवटच्या गाडीची वेळ आधीच बघून ठेवा.

आणि बेसबॉल आवडेल की नाही याचीच शंका असेल, तर आधी खाडीकाठच्या रस्त्यावरून चक्कर मारा. उजव्या भिंतीखालच्या जाळीच्या कमानींतून सामना फुकटात बघता येतो. गर्दी असली तर सामन्याच्या नऊपैकी तीन इनिंग बघून मागच्यांना जागा द्यावी लागते, एवढंच.