'टू'च्या आधी की 'टू'च्या नंतर?

इंग्रजीतली ही दोन वाक्यं घ्या: 'शी डिसायडेड ग्रॅज्युअली टू रिड्यूस द डोस' आणि 'शी डिसायडेड टू ग्रॅज्युअली रिड्यूस द डोस'. फरक एवढाच की 'ग्रॅज्युअली' 'टू'च्या अलीकडे आहे की पलीकडे.

शाळेत पहिलंच बरोबर म्हणून शिकवलं जायचं: 'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये काही घुसवू नका. 1864 मध्ये इंग्रजीच्या वापरावर पुस्तक लिहिणारे इंग्लंडमधले धर्मगुरू हेन्री आल्फर्ड यांनी या घुसखोरीवर आक्षेप घेतला होता. लॅटिनमध्ये 'टू रिड्यूस'सारखं रूप एकाच शब्दाचं असतं, ते तुटत नाही, असंही कारण सांगतात. पण तसं तर आपलं 'करायला'ही तुटत नाही; म्हणून इंग्रजीने का अडून बसावं?

आता पहिलं वाक्य पुन्हा वाचा. हळूहळू काय झालं? निर्णय झाला की डोस कमी झाला? कळत नाही. दुसऱ्यात शंकेला जागाच नाही. मी डोळे झाकून दुसरं घेईन. 'वी एक्स्पेक्ट टू मोअर दॅन डबल अवर सेल्स' इथे तर 'मोअर दॅन' हलवायला दुसरी जागाच नाही.

पहिल्याची बाजू 'नॉट'ला लागू पडते. 'ट्राय नॉट टू लाफ' कानाला सरळ वाटतं; 'ट्राय टू नॉट लाफ' बोलण्यात चालतं, पण अर्जात मी लिहिणार नाही. वाद नकोच असेल तर शब्द शेवटी टाका: 'टू रिड्यूस द डोस ग्रॅज्युअली'. फक्त 'रिड्यूस ग्रॅज्युअली द डोस' करू नका, ते मात्र खरंच खटकतं.