घरचं ऑक्सिजन मशीन आणि बायपॅप: नागपूरचा उन्हाळा-पावसाळा काढल्यावर

आईला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसाचा आजार आहे. विडी-सिगारेटला कधी हात लावला नाही, पण काटोलकडच्या घरी अर्धं आयुष्य चुलीपुढे गेलं. पऱ्हाट्या-तुराट्यांच्या धुरानंही फुप्फुसं जातात, हे आमच्याकडे अजून कोणाला खरं वाटत नाही. गेल्या हिवाळ्यात दवाखान्यातून सुट्टी झाली तेव्हा कागदावर ‘टाइप २ रेस्पिरेटरी फेल्युअर’, म्हणजे श्वसन अपुरं पडणं, असं लिहिलं होतं. सोबत घरी दोन मशीनं आली: हवेतून ऑक्सिजन वेगळा करून मिनिटाला पाच लिटरपर्यंत देणारा कॉन्सन्ट्रेटर, आणि मास्कमधून दाबाने हवा देणारं बायपॅप.

मशीनांबद्दल बोलण्याआधी हा ‘टाइप २’ समजून घ्या, कारण सगळं तिथेच अडतं. टाइप १ मध्ये रक्तातला ऑक्सिजन कमी पडतो, म्हणजे धमनीतला दाब ६० मिलिमीटरच्या खाली जातो. टाइप २ मध्ये त्याच्या जोडीला कार्बन डायऑक्साइड साठतो, ४५ च्या वर. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर हा साठलेला वायू दाखवतच नाही. तो कळतो एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्तातले वायू मोजायच्या तपासणीत. त्यासाठी मनगटातल्या धमनीतून रक्त काढतात, आणि ते दुखतं.

भेटायला येणारा प्रत्येक जण आधी आईच्या बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा बघतो. “नव्वदच आहे? वाढवून द्या ना जी मशीन!” आमच्या डॉक्टरांनी आईसाठी ८८ ते ९२ टक्के हीच मर्यादा दिली आहे. अशा पेशंटला ऑक्सिजन जास्त झाला तर कार्बन डायऑक्साइड आणखी चढतो. सकाळी डोकं जड होणं, दिवसा गुंगी, बोलण्यात असंबद्धपणा, हात पुढे धरले की पंजे फडफडणं, या त्याच्या खुणा. शेवटी मी कॉन्सन्ट्रेटरच्या बटणाशेजारी चिकटपट्टीवर ‘१ लिटर. हात लावू नये’ असं लिहून टाकलं. पाहुणे रागावले तर रागावले.

कॉन्सन्ट्रेटरबद्दल फार तक्रार नाही. आतल्या झिओलाइटच्या खड्यांमध्ये हवेतला नायट्रोजन अडकतो आणि साधारण ९० टक्क्यांच्या वर शुद्ध ऑक्सिजन नळीतून येतो. तो दिवसातून किमान १५ तास घ्यायचा. १९८० च्या सुमारास अमेरिका आणि ब्रिटनमध्ये झालेल्या अभ्यासांत दिसलं की रक्तातला ऑक्सिजन फार कमी असलेल्या सीओपीडीच्या पेशंटचं आयुष्य अशा दीर्घकाळ ऑक्सिजनने वाढतं. दम लागला की दहा मिनिटं लावून काढून ठेवण्याचं हे यंत्र नाही.

नागपूरच्या मे महिन्यात मात्र त्याची परीक्षा होते. बहुतेक मशीनं ४० अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेली असतात, आणि आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास. मशीन स्वतःही गरम हवा फेकतं. आम्ही ते भिंतीपासून हातभर दूर, कूलरच्या वाऱ्यात पण फवारा लागणार नाही असं ठेवलं. मागची जाळी दर आठवड्याला धुवायची. उन्हाळ्यात ती धुळीने मातकट होऊन निघते. वीज साडेतीनशे वॅटच्या आसपास, म्हणजे दिवसाला पाच युनिट धरा. महावितरणच्या बिलात स्लॅब बदलतो तो वेगळाच. पावसाळी वादळात लाइट गेली की इन्व्हर्टर दोन-तीन तास ओढतो, म्हणून घरात बी टाइप सिलेंडर भरलेलाच असतो. त्यात साधारण १५०० लिटर मावतो, मिनिटाला एक लिटरने पूर्ण दिवस निघतो.

देवघराचा प्रश्न आईसाठी सगळ्यात अवघड होता. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण ठिणगीला जोर देतो. आता दिवा आणि उदबत्ती माझी बायको लावते, आणि आई नळी लावून पलीकडच्या खोलीतून आरती म्हणते. नाक कोरडं पडलं तर व्हॅसलीन किंवा तेल लावायचं नाही, पाण्याचा जेल लावायचा.

खरा फरक पडला तो बायपॅपने. श्वास घेताना जास्त दाब आणि सोडताना कमी दाब देऊन ते थकलेल्या स्नायूंचं काम हलकं करतं, त्यामुळे साठलेला वायू बाहेर पडतो. पहिले काही आठवडे आई मास्क उपटून फेकायची. मग दुपारी मालिका बघताना थोडा-थोडा वेळ लावायला सुरुवात केली, आणि हळूहळू रात्रभर जमू लागलं. सकाळचं डोकं दुखणं थांबलं, पुढच्या एबीजीमध्ये कार्बन डायऑक्साइडही उतरला. दाब डॉक्टरांनी ठरवायचा, दुकानदाराने नाही. एका विक्रेत्याने ‘हेच पुरेल, स्वस्तात पडेल’ म्हणून आम्हाला सीपॅप गळ्यात मारायचा प्रयत्न केला. सीपॅप एकच दाब देतं. आईच्या आजारात ते बायपॅपची जागा घेत नाही.

माझ्या मते मशीनच्या कंपनीपेक्षा मास्कचं माप महत्त्वाचं. सैल बसला तर हवा डोळ्यांत जाते, पट्टे आवळले तर नाकाच्या दांड्यावर जखम होते. आमचा तिसरा मास्क बसला. तो रोज सौम्य साबणाने धुवायचा. थंडीत नळीत पाणी साचतं, म्हणून ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारं पाण्याचं भांडं) बेडच्या खालच्या पातळीत ठेवायचा.

घ्यायचंच असेल तर बायपॅप आधी महिनाभर भाड्याने आणा. नागपुरात धंतोली-रामदासपेठेत चौकशी करा. कोविडनंतर कोणाच्या माळ्यावर पडून असलेला कॉन्सन्ट्रेटर फुकट मिळाला तरी शुद्धता मोजून घेतल्याशिवाय लावू नका, कारण बंद मशीनमधले खडे दमट हवेने खराब होतात. आणि मास्क नवाच घ्या.