थांबायचं की पुन्हा ऑपरेशन?

स्तनांत इम्प्लांट (आकारासाठी आत बसवतात ती पिशवी) बसवून दीड महिना झाला, आणि आरशात एक बाजू वर, दुसरी खाली. खानापूर-निपाणीकडच्या बाईला हे बोलायला घरात माणूस सापडत नाही, म्हणून उघड लिहिते.

थांबणं म्हणजे हयगय नव्हे. सूज दोन्हीकडे एकाच वेगाने उतरत नाही. इम्प्लांट स्नायूखाली असेल तर स्नायू सैल होईपर्यंत ते वरच राहतं; ज्या हाताने कळशी उचलता, त्या बाजूला उशीरही लागू शकतो. ३ ते ६ महिन्यांत बराचसा फरक आपोआप कमी होतो. तोवर ब्राच्या एका कपात पातळ पॅड घाला. मालिश किंवा पट्टा मात्र सर्जनने सांगितला तरच. ऑपरेशनआधीचे फोटोही काढून बघा, थोडा फरक तेव्हाही असेल. तंतोतंत सारखे कुणाचेच नसतात.

इम्प्लांट जागेवरून सरकलं असेल, किंवा त्याच्याभोवती शरीराने धरलेलं आवरण आवळून कडक झालं असेल, तर नुसतं थांबून भागत नाही. मग दुसरं ऑपरेशन. पण त्यात पुन्हा भूल, पुन्हा टाके, खर्च, कोल्हापूर-पुण्याच्या फेऱ्या.

माझं मत, सहा महिने थांबा. मात्र एक बाजू अचानक फुगली, लाल-गरम झाली, ताप आला तर रात्रही काढू नका, लगेच डॉक्टर गाठा. आणि दुसऱ्या ऑपरेशनचं संमतीपत्र कानडीत किंवा इंग्रजीत असलं, तर मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका.