फेल्टचा पत्रा: घाम टिपतो, पण ओल हटवत नाही

पाऊस नाही, आकाश निरभ्र, आणि तरी पहाटे शेडच्या छतातून सगळीकडे सारखंच ठिबकतंय. ऊन चढल्यावर ते आपोआप थांबत असेल, तर स्क्रू आणि सिलिकॉनला दोष देऊ नका. गळती पावसात दिसते आणि ठरावीक जागी दिसते. हा पत्र्याला आलेला घाम आहे. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता सोडत राहतो आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही काही अंशांनी थंड होतो. आतल्या हवेच्या दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी व्हायला लागते, त्याच्या) खाली तो उतरला की खालच्या बाजूला पाणी धरतं. २५ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या हवेला त्यासाठी १६–१७ अंशांचा पत्रा पुरतो.

यावर सगळ्यात जोरात विकला जाणारा उपाय म्हणजे खालच्या अंगाला फेल्ट चिकटवलेला पत्रा. सुमारे एक मिलिमीटर जाडीचं, पॉलिएस्टरचं न विणलेलं कापड, मागे गोंद. पत्रा मशिनमधून घडवला जातो तेव्हाच ते बसवलं जातं. काम टीपकागदाचं: रात्रीचं पाणी धरायचं, दिवसा हवेला परत द्यायचं. मोकळ्या, हीटिंग नसलेल्या आणि हवा खेळत्या गोडाऊनसाठी माल चांगला आहे. पण हे इन्सुलेशन आहे असं कोणी सांगत असेल, तर त्याच्याकडून दुसरं काहीही घेताना जपून. एक मिलिमीटर कापड पत्र्याचं तापमान बदलत नाही. घाम येतोच, फक्त खाली पडत नाही.

पाणी धरण्याचा दावा बहुधा दर चौरस मीटरला अर्धा ते एक लिटर असा असतो. आकडा आडव्या नमुन्यावरचा आहे की तुमच्या उतारावरचा, हे विचारून घ्या. उतार वाढला की क्षमता घटते. तरी ती पुरते. ३० बाय १८ मीटरची, सरासरी ६ मीटर उंचीची शेड धरा, म्हणजे ३,२४० घनमीटर हवा. २५ अंश आणि ७० टक्क्यांच्या हवेत दर घनमीटरला साधारण १६ ग्रॅम वाफ असते. तीच हवा १५ अंशांपर्यंत उतरली तर १३ ग्रॅमच्या आतच मावते. म्हणजे एका वेळच्या हवेतून दहा-अकरा लिटर पाणी सुटलं, आणि छत ५६० चौरस मीटर असेल तर वाट्याला वीस ग्रॅमसुद्धा येत नाहीत. फटींतून रात्रभरात आठ वेळा हवा बदलली तरी दीडशे ग्रॅमच्या आसपास. एका रात्रीसाठी फेल्ट कमी पडत नाही.

कमी पडतो तो दिवस. फेल्ट सुकलं नाही तर दुसऱ्या रात्रीचं पाणी कालच्या पाण्यावर चढतं, आणि चार-पाच रात्रींत ते भरून ठिबकायला लागतं. 'महिनाभर छान चाललं, मग बिघडलं' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. त्यामुळे फेल्टचा पत्रा घेताना रिजची, म्हणजे छताच्या माथ्याची, मोकळी जागा आणि वळचणीखालचं हवा घेणारं तोंड हे त्याच मालाचे भाग समजा. सुरुवातीचा अंदाज म्हणून जमिनीच्या क्षेत्रफळाचा दीडशेवा भाग मोकळा ठेवायचा, निम्मा खाली, निम्मा वर. वरच्या शेडला ३.६ चौरस मीटर, म्हणजे वर १.८ आणि खाली १.८. लूव्हरच्या (तिरप्या पट्ट्यांच्या झरोक्याच्या) चौकटीचं माप यात धरू नका. पट्ट्या आणि पक्ष्यांची जाळी वजा केल्यावर मोकळी जागा बऱ्याचदा निम्मीच उरते. रिजला टर्बो (वाऱ्याने फिरून हवा बाहेर काढणारा पंखा) बसवून खालची तोंडं बंद ठेवलेली शेड तर ठायी ठायी दिसते. टर्बो फिरतो, हवा मात्र जिथल्या तिथे.

फेल्ट हरण्याचं दुसरं कारण, आतच पाणी तयार होणं. नवा कोबा यात सगळ्यात वाईट, कारण तो दिसायला कोरडा असतो. ५४० चौरस मीटरवर १५० मिलिमीटरचा स्लॅब म्हणजे ८१ घनमीटर काँक्रीट, आणि ते कालवताना तेरा हजार लिटरच्या आसपास पाणी जातं. साधारण निम्मं सिमेंट बांधून ठेवतं, उरलेल्यातलं बरंचसं कित्येक महिने वर येत राहतं. दर २५ मिलिमीटरला एक महिना हा जुना ठोकताळा लावला तर सहा महिने. त्या काळात दारं लावून ठेवली तर कुठलंही फेल्ट हरणार. जुन्या फरशीखाली पॉलिथिन घातलंच नसेल तर ओल जमिनीतून कायम येते. तपासायला ४५ सेंटिमीटर चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि १६ तास तसंच ठेवा. उचलल्यावर खाली थेंब दिसले किंवा काँक्रीट काळवंडलेलं असलं तर पाणी फरशीतूनच येतंय.

धुराडं नसलेला गॅस हीटर हा त्याच जातीचा. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत येतं. थंडीत ऊब म्हणून लावलेला हीटर सकाळी छतातून परत भेटतो.

आता बसवण्याबद्दल, कारण चांगला माल इथेच वाया जातो. पत्र्यावर पत्रा चढतो त्या आडव्या सांध्यात फेल्ट तसंच राहिलं, तर ते पावसाचं पाणी वातीसारखं आत ओढतं आणि सांध्याच्या कितीतरी वर ओलं राहतं. गटाराकडच्या कडेलाही तसंच. म्हणून सांध्यात जितका भाग चढणार तितका, आणि वळचणीला भिंतीबाहेर येणारा भाग, सुमारे पाच सेंटिमीटर, हीट गनने वितळवून बंद करायचा. धागे आकसून कडक, चकचकीत साय धरते. बोट फिरवल्यावर केसाळ लागलं तर अजून झालेलं नाही. पत्रा जमिनीवर असतानाच हे करायचं, वर चढवल्यावर कोणी करत नाही. हीट गन एका जागी थांबवली तर वरच्या अंगाचा रंग भाजतो, आणि ब्लो लॅम्पने तर हमखास. ब्रशने लावायचं सीलर मिळत असेल तर ते जास्त सोयीचं. उभ्या सांध्याची पट्टी कारखान्यातूनच फेल्टशिवाय यायला हवी. माल उतरवून घेताना पहिली नजर तिथे टाका.

कापायला ग्राइंडर वापरू नका. ठिणग्यांनी फेल्टला भोकं पडतात आणि कडेचा जस्ताचा थर जळतो. कात्री किंवा निबलर (पत्रा कुरतडत कापणारं हत्यार). गठ्ठे उघड्यावर ठेवले तर फेल्ट टोकाकडून पाणी पितं आणि दोन पत्र्यांच्या मधे ते अडकून पांढरा गंज धरतो. गठ्ठा झाका, एका बाजूला थोडा कलता ठेवा, टोकं मोकळी राहू द्या.

एवढं करूनही काही जागी ठिबकणारच. प्रकाशासाठी टाकलेल्या पॉलिकार्बोनेटच्या किंवा फायबरच्या पत्र्याला फेल्ट नसतं. रिजच्या टोपीखालचा भाग उघडा असतो. स्क्रूची आत आलेली टोकं थंड असतात आणि प्रत्येकाच्या टोकाला एकेक थेंब लोंबतो. छत उत्तम, पण बरोबर पारदर्शक पत्र्याखाली ठेवलेल्या खोक्यांवर डाग, हे दृश्य फार सर्रास आहे. माल तिथे रचू नका किंवा दुहेरी पत्रा वापरा. पीठ, सिमेंट, कापसाची धूळ असेल तिथे फेल्ट बुजतं. हलक्या दाबाच्या पाण्याने धुता येतं, पण ते धुणं कोणाच्या कामाच्या यादीत आहे, हे आधी ठरवा.

इमारत गरम किंवा वातानुकूलित ठेवायची असेल तर फेल्ट हा चुकीचा माल. तिथे ५० मिलिमीटरचा पफ पॅनल (दोन पत्र्यांमधे फोम भरलेला), किंवा आतल्या बाजूला वाफरोधक पापुद्रा असलेलं ग्लासवूल. ग्लासवूलचा पापुद्रा फाटला किंवा सांध्यांना टेप नसला, तर वाफ आत शिरून पत्र्यावरच पाणी होते आणि ओलं ग्लासवूल पोटं काढून लोंबतं. पर्लिनवर (पत्र्याखालच्या आडव्या आधारपट्टीवर) ते चेपून पातळ होतं, तिथे थंड पट्टे उमटतात. मधे स्पेसर ठोकळे घ्या. पफ पॅनलला हा त्रास नाही, पण सांधे त्यालाही सील करावेच लागतात.

डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं मशीन, घ्यायचं असेल तर एक गणित आधी करा. तीच शेड, बाहेर २८ अंश आणि ८० टक्के, आत त्याच तापमानाला ५० टक्के हवे आहेत. दर घनमीटरला आठ ग्रॅमचा फरक. शटरच्या फटींतून तासाला अर्धी हवा बदलली तरी तेरा किलो पाणी दर तासाला, म्हणजे दिवसाला तीनशे लिटरहून जास्त. तेही फक्त फटींचं. लूव्हर उघडे ठेवून मशीन लावणं म्हणजे गावाची हवा सुकवणं. शिवाय माहितीपत्रकातले लिटर बहुधा ३० अंश आणि ८० टक्क्यांवरचे असतात. थंड हवेत कॉम्प्रेसरचं मशीन त्याच्या निम्मंही देत नाही आणि कॉइलवर बर्फ धरतं. १५ अंशांच्या खाली सिलिका जेलच्या चाकाचं मशीन घ्यावं.

मोठे पंखे छताजवळची आणि खालची हवा मिसळतात, पाणी काढत नाहीत. बाहेर दमट उकाडा आणि आत फरशी गार, अशा दिवशी दारं उघडून पंखा लावला तर फरशीच ओली होते. बाहेरचा दवबिंदू २६ आणि फरशी २४ अंशांची असेल तर दारं बंद ठेवा. टक्क्यांची तुलना करू नका, दवबिंदूंची करा. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत जस्ताच्या पत्र्यावर चुकीचा आकडा देतो. पत्र्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवा आणि टेपचं तापमान घ्या.

जुन्या छताला खालून फेल्ट चिकटवण्याच्या फंदात पडू नये. पर्लिनमध्ये अडतं, आणि धूळ-तेलावर गोंद धरत नाही. तिथे पाणी शोषणारा जाड थराचा रंग चालतो, पण त्याची क्षमता फेल्टपेक्षा बरीच कमी. खर्च परवडत असेल तर बंद पेशींचा फोम २५ ते ५० मिलिमीटर फवारून घ्या. उघड्या पेशींचा नको, वाफ त्यातून आरपार जाते आणि पत्रा आतून कुजतो. नंतर पत्रा बदलायचा झाला तर फोमसकट तोडावा लागतो, हेही फवारण्याआधी मालकाच्या कानावर घाला.