कॉन्ट्रॅक्ट की पर्मनंट? दोन्हीकडे राहून आलेल्याचं मत

सुरुवातीची पाच वर्षं मी पर्मनंट नोकरी केली, मग चार वर्षं कॉन्ट्रॅक्टवर काढली आणि गेली तीन वर्षं पुन्हा पर्मनंट आहे. काम तिन्ही वेळा तेच, सॉफ्टवेअरचं आणि त्यातही बहुतेक डेटाबेसचं. काम तेच ठेवून फक्त नातं बदललं की काय काय बदलतं, ते त्यामुळे मला जवळून बघायला मिळालं. ज्यांच्या हातात सध्या दोन्हीकडच्या ऑफर आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. कुठे काय मिळतं याची ढोबळ कल्पना तुम्हाला असणारच, म्हणून ती यादी देत नाही.

आधी पैशांचं बोलून घेऊ, कारण मन तिथेच अडकलेलं असतं. पहिली कॉन्ट्रॅक्टची ऑफर आली तेव्हा दिवसाच्या दराला मी २२ ने गुणलं, मग १२ ने गुणलं, आणि आकडा बघून हरखलो. हा हिशेब चुकीचा आहे. वर्षाच्या ३६५ दिवसांतून शनिवार-रविवार वजा केले की २६१ उरतात. त्यातून सुट्ट्यांचे १०, रजेचे २० आणि आजारपणाचे ५ दिवस काढा, राहिले २२६. पर्मनंट माणसाला या ३५ दिवसांचे पैसे मिळतात, कॉन्ट्रॅक्टवाल्याला नाही. शिवाय एक काम संपून दुसरं सुरू होईपर्यंत वर्षातला एखादा महिना रिकामा जातोच, माझा तरी जायचा. म्हणजे हातात राहतात साधारण २०६ दिवस. याचा अर्थ, नुसती बरोबरी साधायची तरी दर सव्वापटीहून थोडा जास्त हवा. विमा, निवृत्तीची तरतूद, स्वतःच्या खर्चाने शिकायचे कोर्स आणि हिशेब बघणाऱ्याची फी अजून यात धरलेलीच नाही. मी मनाशी दीडपट ही रेघ ठरवली होती. त्याखालच्या ऑफरवर विचारच करायचा नाही. ही माझी रेघ आहे, तुमची वेगळी असू शकेल. पण दिवस धरताना कंजुषी करा.

दर चांगला असला तरी पैसे हातात कधी पडतात ते वेगळं बघावं लागतं. महिना भरला की इनव्हॉइस लावायचं, आणि करारात ६० दिवसांची मुदत असेल तर पहिल्या तारखेला केलेल्या कामाचे पैसे तीन महिन्यांनी येतात. टाइमशीटवर सही करणारा मॅनेजर रजेवर गेला तर आणखी उशीर. तीन-चार महिन्यांचा खर्च गाठीशी असेल तर हे निभावतं. नसेल तर अशा वेळी माणूस पडेल त्या दराला पहिलं समोर येईल ते काम घेतो आणि दीडपटीचं गणित तिथेच मोडतं.

रोनाल्ड कोस नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९३७ साली एक साधा प्रश्न विचारला होता. प्रत्येक काम बाजारातून विकत घेता येत असताना कंपन्या माणसं कायमची कशाला ठेवतात? उत्तर असं की दर वेळी माणूस शोधणं, घासाघीस करणं, करार लिहिणं आणि तो पाळला जातोय का बघणं यालाही खर्च येतो. १९९१ साली त्यांना नोबेल मिळालं ते अशाच विचारांसाठी. मला हे कॉन्ट्रॅक्टवर गेल्यावर उमगलं, कारण त्या खर्चातला अर्धा वाटा आपल्या खिशातून जातो. नवं काम शोधताना घालवलेल्या संध्याकाळी कुठल्याच इनव्हॉइसवर येत नाहीत.

कॉन्ट्रॅक्टची बाजू मात्र कमी लेखू नका. दर डिसेंबरात ‘वर्षभरात तुम्ही काय साध्य केलंत’ असा फॉर्म भरायचा, तो चार वर्षं भरावा लागला नाही. बढती कोणाची, कोण कोणाच्या मर्जीतला, यातलं काही अंगाला लागत नाही. चार वर्षांत सहा वेगवेगळ्या सिस्टिम आतून बघितल्या, एका जागी बसून तेवढ्या बघायला मला पंधरा वर्षं लागली असती.

आणि मुख्य म्हणजे, बाहेरच्या माणसाला स्पष्ट बोलता येतं. पहिल्याच क्लायंटकडे दुसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की बॅकअप रोज रात्री न चुकता होतो, पण तो परत उतरवून कधीच कोणी बघितलेला नाही. मी मीटिंगमध्ये तसं सांगितलं. शनिवारी करून बघितलं तर अर्ध्यातच अडकला. फाइल महिनोन्‌महिने अपुरी लिहिली जात होती. नंतर तिथला एक पर्मनंट सहकारी मला बाजूला घेऊन म्हणाला, “अरे, मला वर्षभरापासून शंका होती. पण ज्याने ते बसवलं तोच आता माझा बॉस आहे.” त्याला मी दोष देत नाही, त्याच्या जागी मीही गप्प बसलो असतो. मला बोलता आलं कारण मला सहा महिन्यांनी जायचंच होतं. हे स्वातंत्र्य खरं आहे आणि आजही त्याची आठवण येते.

मग परत का आलो? पाचव्या महिन्यामुळे.

माझे करार बहुतेक सहा-सहा महिन्यांचे असायचे. चौथा महिना संपेपर्यंत सगळं सुरळीत चालायचं. पाचव्यात शांतता पसरायची. पुढच्या तिमाहीच्या मीटिंगचं बोलावणं यायचं नाही. एक्स्टेन्शनचं विचारलं की “बघू, वरून यायचंय”. हे सांगणारा माणूस खोटं बोलत नसायचा, त्यालाही खरंच माहीत नसायचं. त्या महिन्यात घरचे पुढच्या गोष्टी ठरवायला बसले की माझ्या तोंडून एकच वाक्य निघायचं, “एकतीस तारखेनंतर सांगतो.” वर्षातून दोनदा हे व्हायचं. आठ खेपा झाल्या आणि एकही सवयीची झाली नाही.

पण नुसत्या शांततेवरून मी निर्णय घेतला नसता. निर्णय झाला तो तिच्या पोटात दडलेल्या दुसऱ्या गोष्टीमुळे. एका क्लायंटकडे एक्स्टेन्शन नक्की होईल असं सगळे म्हणत होते. शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी मेल आला, आभार, आणि आता गरज नाही. मी कारण विचारलं. सौजन्याने सांगितलं गेलं, बजेट. मी ते खरं मानलं.

दीड वर्षाने तिथला एक जण दुसऱ्याच कामाच्या निमित्ताने भेटला. बोलता बोलता म्हणाला, “तुझ्या त्या वेळेच्या कॉलमने आम्हाला फार छळलं.” मला काही कळेना. मग त्याने सांगितलं. प्रत्येक नोंदीची वेळ मी त्या कॉलममध्ये, म्हणजे डेटाबेसच्या तक्त्यातल्या रकान्यात, स्थानिक घड्याळाप्रमाणे साठवली होती, कुठल्या टाइम झोनची ते न लिहिता. त्यांच्याकडे हिवाळा लागताना घड्याळ एक तास मागे घेतात. त्या रात्री दीड दोनदा वाजतो. पहिल्या दीडची नोंद आणि दुसऱ्या दीडची नोंद एकमेकींत मिसळली, क्रम उलटा झाला आणि त्यावर चालणारे हिशेब चुकले. निस्तरायला त्यांना तीन आठवडे लागले. सगळं यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत, साठवलं असतं तर हा प्रश्नच आला नसता. “तुला कोणीतरी कळवलं असेल असं वाटलं होतं,” तो म्हणाला.

मला कोणीच कळवलं नव्हतं. आणि त्या दीड वर्षात मी आणखी दोन क्लायंटकडे हुबेहूब तसाच कॉलम बनवून आलो होतो.

त्या रात्री दोघांनाही मेल लिहिला. एकाने आभार मानून दुरुस्ती केली. दुसऱ्याकडून आजवर उत्तर नाही. माझ्या ओळखीचं तिथे आता कोणी उरलेलं नसावं.

यात कोणाचं वाईट वागणं नव्हतं. बाहेरच्या माणसाला त्याच्या चुका समजावून सांगायला कोणी वेळ का घालवावा? त्याचा करार संपला की काम झालं. बॅकअपबद्दल मला मोकळेपणी बोलता आलं आणि माझ्या कॉलमबद्दल माझ्याशी कोणी बोललं नाही, या दोन्हीचं मूळ एकच. मी जाणारा होतो. पण मला त्यातली दुसरी बाजू झेपली नाही. आपल्या कामात सुधारणा होतेय की तीच चूक आपण गावोगाव वाटत फिरतोय, हे कळायचा मार्गच बंद झाला होता. दर वाढत होता म्हणून मी समजत होतो की काम सुधारतंय.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. एक सहकारी खुर्ची ओढत माझ्या टेबलाशी आली. “ही क्वेरी तुझी ना रे? आता डेटा दसपट झालाय, बघ काय करतेय.” क्वेरी म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची सूचना, मी ती चौदा महिन्यांपूर्वी लिहिली होती. आम्ही अर्धा तास बसलो. मी गृहीत धरलेली एक गोष्ट चुकीची निघाली आणि ती मी परत गृहीत धरणार नाही. तो अर्धा तास मला कुठल्याही दराने विकत मिळाला नसता.

पर्मनंटचे तोटे परत आल्यावर पुन्हा भेटलेच. डिसेंबरातला फॉर्म आला. पगारवाढ वर्षातून एकदाच, तीही बेताची, आणि नवा येणारा माझ्यापेक्षा जास्त घेऊन येतो. शिवाय पर्मनंट या शब्दावर फार विसंबू नका. कपात आली की नोटीस पीरियडएवढीच मुदत मिळते, फरक इतकाच की तारीख आधीपासून छापलेली नसते.

एका गोष्टीपासून मात्र दोन्ही बाजूंच्या लोकांनी सांभाळावं. ती म्हणजे नावाला कॉन्ट्रॅक्ट आणि वागणुकीला नोकरी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००६ सालच्या १९८ क्रमांकाच्या शिफारशीत नोकरीचं नातं ओळखायच्या खुणा दिल्या आहेत. काम दुसऱ्याच्या सूचनेप्रमाणे आणि ताब्यात, ठरलेल्या वेळेत, ठरलेल्या जागी, त्यांच्याच साधनांनी, ठरावीक काळाने पैसे, आणि तेच उत्पन्नाचं एकमेव किंवा मुख्य साधन. तुमच्या ऑफरमध्ये यातलं जवळजवळ सगळं असेल, तर नोकरीची बंधनं घेऊन तिचे फायदे तुम्ही सोडताय. मायक्रोसॉफ्टमध्ये वर्षानुवर्षं अशा पद्धतीने राबलेल्या लोकांनी १९९२ साली दावा लावला. २००० साली तो ९ कोटी ७० लाख डॉलरच्या तडजोडीवर मिटला. मधली आठ वर्षं बघा.

मग कोणी काय घ्यावं? तुमचा हात बसलेला असेल, कामातल्या चुका दाखवणारी दोन-चार माणसं क्लायंटच्या बाहेर असतील आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला असेल, तर कॉन्ट्रॅक्टमध्ये खरंच मजा आहे. माझे दोन मित्र त्यात सुखी आहेत आणि माझ्याहून चांगलं काम करतात. पण अजून शिकण्याचीच वर्षं असतील, तर दर दीडपट असला तरी मी थांबेन. निदान आपण केलेलं एखादं काम दोन वर्षं जुनं होताना बघून घ्या, मग जा.

इंटरव्ह्यूत दोन्हीकडे एकेक प्रश्न जरूर विचारा. पर्मनंटवाल्यांना विचारा, या टीममध्ये दोन वर्षांहून जास्त टिकलेले किती जण आहेत? टीमच दर वर्षी नवी होत असेल तर तुमची जुनी क्वेरी दाखवायला खुर्ची ओढून कोण येणार? आणि कॉन्ट्रॅक्टवाल्यांना विचारा, आधीच्या माणसाचं काम सध्या कोण सांभाळतं, आणि त्या आधीच्या माणसाशी शेवटचं बोलणं कधी झालं? “कशाला बोलायचं?” असा चेहरा समोर दिसला, तर करार संपल्यावर तीन आणि सहा महिन्यांनी तासभराचा कॉल करारातच लिहून घ्या, त्याचे पैसे नाही मिळाले तरी चालतील.