आजेसासूबाईंचा मसाला आणि लालबागचा डंक

घरात मसाल्याचा जुना कागद असेल, तर आयता पुडा न आणता तो कागद घेऊन लालबागच्या मिरची गल्लीत जा. करी रोड किंवा चिंचपोकळी, कुठल्याही स्टेशनावरून चालत पोचता येतं. मिरची निवडायची, जिन्नस मोजून घ्यायचे, भाजायचे आणि समोर उभं राहून डंकावर, म्हणजे कुटायच्या यंत्रावर, कुटून घ्यायचे, सगळं त्या गल्लीत होतं.

आमचा मालवणी मसाला कुडाळकडचा, आजेसासूबाईंचा. त्यांच्या तोंडून ऐकून सासऱ्यांनी तो रत्तल-तोळ्यांत उतरवून ठेवला: मिरची दोन रत्तल, धणे एक रत्तल, बडीशेप आणि खसखस पाच-पाच तोळे, लवंग-दालचिनी-मिरी दोन-दोन, दगडफूल, नागकेशर, जायपत्री एकेक. मी जाते त्या दुकानातल्या काकांनी कागद नीट वाचला आणि म्हणाले, "वहिनी, तोळा दहाचा धरू नका, तो आताचा सोनाराचा. हा जुना, जवळपास पावणेबारा ग्रॅमचा." पाच तोळ्यांना ५८ ग्रॅम, रत्तलाला साधारण ४५० ग्रॅम, असं त्यांनी समोर लिहून दिलं. दहाचा धरला असता तर मिरची-धणे पुरते आणि गरम मसाला तेवढा कमी पडला असता. एवढ्यासाठी तरी मी दुसरीकडे जाणार नाही. त्यांच्या स्वतःच्या तयार मसाल्याची भलामण त्यांनी एकदाही केली नाही.

मिरचीत घाई करू नका. रंगाला बेडगी, तिखटाला शंकेश्वरी, आमच्याकडे वर मूठभर लवंगी. खरी बेडगी हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीकडची. गडद लाल, सुरकुतलेली, बेताची तिखट. मिरची मोडून आत बघा, काळी बुरशी नको. चकचकीत दिसते म्हणून भुलू नका; बोटांना तेल लागलं तर ती ठेवून द्या.

भाजणीबद्दल मात्र तक्रार आहे. गर्दीच्या दिवसांत सगळे जिन्नस एकाच कढईत टाकतात. मग धणे कच्चे राहतात आणि खसखस करपते. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायला सांगा, थोडे जास्त पैसे घेतील, द्या. नाहीतर माझ्यासारखे घरून मंद आचेवर भाजून न्या.

डंकाचं काम मात्र चोख. लोखंडी मुसळं वरखाली होत राहतात, मसाला चक्कीसारखा तापत नाही, म्हणून लवंग-जायपत्रीचा वास टिकतो. आधीच्या गिऱ्हाइकाचा मसाला झाडून घ्यायला सांगितलं की ब्रश मारून उखळ साफ करतात. चाळणीवर उरलेला भरडा पुन्हा कुटून देतात, टाकून देत नाहीत. यंदा शेजारच्या डंकावर साताऱ्याकडच्या एक बाई सुकं खोबरं घालून कांदा-लसूण मसाला करून घेत होत्या. कोकणातले आणि घाटावरचे गिरणी कामगार याच भागात राहिले. दोघांचे मसाले अजून इथे शेजारीशेजारी कुटले जातात आणि एकाचा वास दुसऱ्याला लागत नाही. कंपनीच्या पुड्यात सगळ्या घरांना एकच चव मिळते. माझ्या लेकीला तिच्या पणजीच्या हाताची चव मिळते ती या डंकामुळे.

पाचपैकी साडेचार, अर्धा भाजणीसाठी कापला.

मार्च-एप्रिलमध्ये, मधल्या वारी, सकाळी लवकर जा; मे महिन्यातल्या शनिवार-रविवारी तासन्‌तास उभं राहावं लागतं. नाकाला बांधायला सुती रुमाल न्या. मिरची आधीच घेऊन ठेवली आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवून, देठ काढून नेली तर कुटायला बरी. घरी आल्यावर मसाला लगेच डब्यात कोंबू नका. ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या, मग कोरड्या चिनी मातीच्या बरणीत दाबून भरा आणि थरांमध्ये हिंगाचे खडे ठेवा. आमचा पुढच्या शिमग्यापर्यंत टिकतो.